आकृतीबरोबर मजकूरही शिकवा : तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

हिंगणा एमआयडीसीत माझी चार माणसांची कार्यशाळा आहे. शेतीपंपांचे आणि ठिबकचे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आम्ही बनवतो. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींसाठी हे पत्र लिहीत आहे. सर्किट आकृतीत काढण्याबरोबरच ते मजकुरात, म्हणजे कोडसारख्या ओळींत, लिहायलाही त्यांना शिकवावे, एवढीच विनंती आहे.

काटोलकडच्या एका संत्राबागेसाठी आम्ही १६ व्हॉल्व्हचा बोर्ड केला होता. रिले (विजेवर चालणारा स्विच), ट्रान्झिस्टर, डायोड, रेझिस्टर असा एक भाग सॉफ्टवेअरमध्ये काढला आणि १५ वेळा कॉपी-पेस्ट केला. चाचणीत दिसले की मायक्रोकंट्रोलरच्या ३.३ व्होल्टवर १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरला पुरेसा करंट मिळत नाही, रिले नीट उचलत नाही. २.२ किलोओहम लावायचे ठरले. १५ ठिकाणी बदलले, एका ठिकाणी राहून गेले. सॉफ्टवेअरच्या तपासणीतही ते सापडले नाही, कारण जोडणी बरोबर होती. चूक फक्त व्हॅल्यूत होती. ऐन मे महिन्यात झाडांची एक ओळ कोरडी राहिली. ते मला आजही सलते.

तेच सर्किट मजकुरात लिहिले असते, तर तो भाग एकदाच लिहून लूपमध्ये १६ वेळा फिरवला असता आणि व्हॅल्यू एकाच ओळीत बदलली असती. आता आम्ही असे भाग पायथनमध्ये, स्किडल नावाच्या मोफत लायब्ररीत लिहितो. त्यातून नेटलिस्ट निघते, म्हणजे कुठली पिन कुठल्या पिनला जोडली त्याची यादी, आणि कीकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये तिच्यावरून बोर्ड आखतो. काल काय होते आणि आज कोणी काय बदलले, हे गिट, म्हणजे फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर, ओळीनिशी दाखवते. दोन चित्रे शेजारी ठेवून डोळ्यांनी फरक शोधण्यात आमच्या कित्येक रात्री गेल्या आहेत.

यात नवे फार नाही. १९७३ साली बर्कलीत तयार झालेल्या स्पाइस या सर्किट संगणकावर तपासणाऱ्या प्रोग्रामला सर्किट मजकुरातच सांगावे लागे, एका घटकाला एक ओळ. चिप बनवणारे तर गेट (चिपमधले तर्काचे छोटे घटक) हाताने काढणे सोडून १९८० च्या दशकापासूनच व्हेरिलॉग आणि व्हीएचडीएल या सर्किट मजकुरात लिहायच्या भाषांकडे वळू लागले. गेटांची संख्या चित्रात मावेना. बोर्डावर घटक कमी असतात, म्हणून इथे आकृती टिकली.

आणि ती टिकायलाच हवी. अँप्लिफायर किंवा पॉवर सप्लाय मी आजही आकृतीतच काढतो. फीडबॅक कुठून कुठे येतो ते चित्रात एका नजरेत कळते. दुरुस्तीला बसलेल्या माझ्या कारागिरापुढे एकदा नुसता कोड ठेवला, तर तो म्हणाला, "दादा, ही लाइन कुठं जाऊन राहिली, काहीच समजत नाही." त्याचे खरे होते. बोर्डावर घटक कुठे बसवायचा, जाड ट्रॅक कुठून न्यायचा, हेही पाहूनच ठरते.

पण माझ्याकडे आलेल्या मुलांना माउसने घटक ओढून तार जोडण्यापलीकडे काही माहीत नव्हते. नेटलिस्ट उघडून वाचलेले एकही मूल मला भेटलेले नाही. काही जण तर महागड्या सॉफ्टवेअरच्या चोरीच्या प्रतीवर शिकून आले होते, जी मी कार्यशाळेत वापरू शकत नाही.

तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमात एक प्रयोग असा ठेवावा, ज्यात विद्यार्थी एकच सर्किट आधी आकृतीत काढेल, मग मजकुरात लिहील आणि दोन्हींच्या नेटलिस्ट जुळवून पाहील. जर्नलमध्ये छापील आकृती चिकटवण्याऐवजी मूळ फाइल जमा करून घ्यावी. यासाठी खरेदीची निविदा काढावी लागणार नाही. कीकॅड मोफत आहे, स्पाइसचेच आजचे रूप असलेले एनजीस्पाइस मोफत आहे, आणि या दोन्हींवर उभे असलेले ईसिम हे सॉफ्टवेअर आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने आपल्याच विद्यार्थ्यांसाठी केले आहे. लागेल तो वेळ शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी द्यावा. तिथे घाई नको.

हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला याल तेव्हा तासभर कार्यशाळेत यावे. तो १६ व्हॉल्व्हचा बोर्ड मी जपून ठेवला आहे. त्याची आकृती आणि आत्ताचा कोड, दोन्ही आपल्यासमोर उघडून दाखवीन.

आपला,
हिंगण्यातील एक लघुउद्योजक, नागपूर