जनावराने काय खाल्ले, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जगाला पुरेल असा आहार कोणता, या विषयावर आपल्याकडे आलेल्या वाचकांच्या पत्रांत सरळ दोन तट पडलेले दिसतात. एकाने लिहिले, एक किलो मांसासाठी 16 किलो धान्य खर्ची पडते. त्यावर दुसऱ्याने ठणकावले, जनावरे गवत खातात, माणसाच्या ताटातले काही हिसकावून घेत नाहीत. दोघांचाही सूर असा, की आता बोलायचे काही उरलेच नाही. मी 29 वर्षे एका पशुखाद्य कारखान्याच्या प्रयोगशाळेत विश्लेषक होते. जनावरे काय खातात ते मी दळून, तोलून, आम्लात उकळून पाहिले आहे. त्यामुळे राहवले नाही. पत्र लांबले तर खुशाल कात्री लावा, फक्त आकड्यांना लावू नका.

आमचे काम कंटाळवाणे होते. पोत्यात लांब पोकळ सळई खुपसून नमुना काढायचा. मका, गव्हाचा कोंडा, भाताचा कोंडा, सोयाबीनची पेंड, मळी. मग त्यात प्रथिन किती ते काढायचे. योहान केल्डाल नावाच्या रसायनतज्ज्ञाने 1883 मध्ये कोपनहेगनच्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत यासाठी जी पद्धत बसवली, तीच आम्ही वापरत होतो. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात नितळ होईपर्यंत उकळायचा, थंड झाल्यावर त्यात अल्कली घालायची, सुटणारा अमोनिया बोरिक आम्लात पकडायचा आणि थेंब मोजत टायट्रेशन करायचे, म्हणजे तो किती आहे ते काढायचे. आलेल्या नायट्रोजनला 6.25 ने गुणले की प्रथिन. अमोनियाचा तो वास निवृत्तीनंतरही कित्येक महिने माझ्या नाकातून गेला नव्हता.

या पद्धतीला एक खोड आहे. ती नायट्रोजन मोजते, प्रथिन नव्हे. खाद्यात युरिया मिसळला तरी आकडा वाढतो. चीनमध्ये 2008 मध्ये दुधात मेलामाइन मिसळून हीच फसवणूक झाली आणि सुमारे 3 लाख मुले आजारी पडली. पण गाईला थोडा युरिया जाणूनबुजून दिलाही जातो, कारण तिच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव त्यातल्या नायट्रोजनपासून खरोखरीचे प्रथिन बनवतात आणि गाय ते पचवते. प्रमाण चुकले तर तोच युरिया तिचे विष होतो. कोंबडीला आणि डुकराला ही सोय नाही. त्यांना तयार प्रथिनच लागते, आपल्यासारखे. वाचकांच्या त्या भांडणाची मेख इथे आहे, म्हणून हे सांगितले.

एकदा नव्याने लागलेल्या एका साहाय्यक मुलाने मक्याचा नमुना तळहातावर घेऊन मला विचारले, "मॅडम, हे आपण का नाही खायचं?" दाणा पिवळाधमक, टपोरा, बुरशीचा मागमूस नाही. मी म्हटले, "प्रत वेगळी असते रे." आमच्याकडे आलेल्या बऱ्याच मालाबाबत ते खरे होते. हातातल्या त्या मक्याबाबत नव्हते. मी उत्तर टाळले होते आणि त्यालाही ते कळले असावे.

आता ते 16 किलो. हा आकडा पन्नास वर्षांहून जुना आहे आणि धान्यावर फुगवलेल्या गुरांवरून काढलेला आहे. ज्या बैलाने आधी वर्षभर कुरणात चरून शेवटचे काही महिने गोठ्यात मका खाल्ला, त्याचा हिशेब वेगळा. ज्याने जन्मभर पेंढा चघळला, त्याचा वेगळा. जगभराची सरासरी काढण्याचा सर्वांत नेटका प्रयत्न जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संशोधकांनी 2017 मध्ये केला. जगातली पाळीव जनावरे वर्षाला सुमारे 6 अब्ज टन कोरडे खाद्य खातात आणि त्यातले 86 टक्के माणसाला खाण्याजोगे नसते: गवत, पेंढा, धाटे, पाला, कोंडा, पेंडी. माणसाला चालणारे खाद्य तेवढे मोजले, तर एक किलो मांसामागे रवंथ करणाऱ्या जनावरांना सरासरी 2.8 किलो आणि कोंबड्या-डुकरांना 3.2 किलो लागते. म्हणजे 16 नाही.

गवतवाल्या पत्रलेखकांनी इथेच टाळ्या वाजवू नयेत. उरलेले 14 टक्के किरकोळ वाटतात, पण त्यातच जगाच्या धान्य-उत्पादनाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग येतो. शिवाय 'माणसाला न चालणारे' हे शब्द फसवे आहेत. सोयाबीनची पेंड माणसाच्या ताटात येत नाही म्हणून ती त्या रकान्यात बसते. ज्या शेतात ते सोयाबीन पिकले ते शेत मात्र माणसासाठी पिकवता आले असते. सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम पाचवा हिस्सा. बाकी बहुतेक पेंड, आणि आमच्या तपासणीत तिचे प्रथिन 44 ते 48 टक्के येई. अशा मालाला निव्वळ टाकाऊ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कुरणांचेही तसेच. जनावरांसाठी वापरल्या जाणाऱ्या सुमारे 2 अब्ज हेक्टर गवताळ जमिनीपैकी 1.3 अब्ज हेक्टर नांगराखाली आणता येण्याजोगी नाही, असे तोच अभ्यास सांगतो. उरलेली सुमारे 70 कोटी हेक्टर आणता येईल. ती सगळी नांगरावी असे मी अजिबात म्हणत नाही, जुन्या कुरणांच्या मातीत कार्बन साठलेला असतो. पण 'ती जमीन तशीही निरुपयोगीच' हे वाक्य आता पुरे.

आणि मग येते ती खरी अडचण. कोंबडी कार्यक्षम. दीड-पावणेदोन किलो खाद्यात तिचे वजन एक किलोने वाढते आणि सहा आठवड्यांत ती विक्रीला तयार होते. हवामानाचा हिशेब केला तर गाईच्या मांसापेक्षा ती कितीतरी सौम्य. पण ती नेमके आपलेच अन्न खाते. उलट गाय आपण खाऊ न शकणारे खाऊन प्रथिन देते. त्याच 2017 च्या अभ्यासात एक किलो प्राणिज प्रथिनामागे रवंथ करणाऱ्या जनावरांनी माणसाला चालणारे प्रथिन फक्त 0.6 किलो घेतलेले दिसते, तर कोंबड्या-डुकरांनी 2 किलो. म्हणजे या एका वहीत गाय फायद्यात आणि कोंबडी तोट्यात. पण गाय ढेकर देते तो मिथेनचा. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबात 80 पट. तिला चरायला मैलोन् मैल लागतात ते वेगळेच. कार्बनची वही एक सांगते, धान्याची वही दुसरे. जो कोणी एकच वही उघडून निकाल देतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही, मग तो माझ्या बाजूचा का असेना.

मग प्रश्न उलटा विचारावा. माणसाला चालेल असे काहीही जनावरांना घालायचे नाही, फक्त कोंडा, पेंडी, उष्टे-खरकटे आणि खरोखरच्या कुरणांतले गवत द्यायचे, असे ठरवले तर किती दूध, अंडी, मांस मिळेल? हे गणितही झालेले आहे. वेगवेगळ्या अभ्यासांना एकत्र पाहून 2018 मध्ये उत्तर आले, माणशी दिवसाला 9 ते 23 ग्रॅम प्रथिन. साठ किलो वजनाच्या प्रौढाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिन लागते. म्हणजे गरजेचा पाचवा भाग ते जवळजवळ निम्मा. प्राणिज प्रथिनाची जगाची आजची सरासरी मात्र माणशी दिवसाला 30 ग्रॅमच्या पुढे आहे आणि ती सरासरी आहे. श्रीमंत देशांत तिच्या दुप्पट खाणारे आहेत आणि दुसऱ्या टोकाला महिनोन् महिने अंडे न पाहणारी मुले.

त्या मुलांपाशी थोडे थांबते. 2019 मध्ये 16 देशांतल्या 37 शास्त्रज्ञांनी पृथ्वीला झेपेल असा आहार सुचवला: दिवसाला 75 ग्रॅम कडधान्ये, 50 ग्रॅम सुकामेवा आणि शेंगदाणे, लाल मांस अवघे 14 ग्रॅम. आहार म्हणून मला तो पटतो. पुढच्याच वर्षी कोणीतरी त्याची किंमत काढली. निदान 158 कोटी लोकांची दिवसाची सगळी मिळकतसुद्धा त्या ताटाला पुरत नव्हती, आणि त्या ताटात सर्वांत महाग होती ती फळे आणि भाज्या. 'मांस, दूध, अंडी सर्वांनी कमी खा' असे सरसकट सांगणाऱ्या लेखांना म्हणून माझा विरोध आहे. ब-12 जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. वाढत्या मुलाच्या एका अंड्याने पृथ्वी बुडत नाही. कमी करायचे ते जास्त खाणाऱ्यांनी.

शेतीकडे वळते. मी आयुष्यभर मोजला तो नायट्रोजन आला कुठून? हवेत तो 78 टक्के आहे, पण झाडाला थेट घेता येत नाही. फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये तो हवेतून ओढून अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉश यांनी 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे त्याचा कारखाना उभा केला. आज जगातली साधारण निम्मी माणसे त्या खतावर पिकलेल्या अन्नावर जगतात. त्यामुळे खते एका फटक्यात बंद करा म्हणणाऱ्यांनी श्रीलंकेकडे पाहावे. एप्रिल 2021 मध्ये तिथे रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी आली, भाताचे पीक कोसळले, आणि नोव्हेंबरमध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. पण टाकलेल्या खतातला साधारण निम्माच नायट्रोजन पिकात उतरतो हेही तितकेच खरे. उरलेला नद्यांत जातो, हवेत जातो. आणि पिकात उतरलेल्यातला मोठा वाटा जर जनावराच्या पोटात घातला, तर कोंबडीसारखी कोंबडीसुद्धा त्यातले पाचव्या हिश्शाच्या आसपासच परत देते. एवढा खटाटोप करून हवेतून काढलेला नायट्रोजन आपण दोनदा सांडतो.

कडधान्ये हे काम मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून फुकट करून घेतात. 1880 च्या दशकात हेलरीगेल आणि विल्फार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी ते सिद्ध केले, म्हणजे केल्डालच्याच काळात. तरीही गेल्या शतकातले संशोधन गहू, भात आणि मक्याच्या मागे जेवढे लागले तेवढे कडधान्यांच्या वाट्याला आले नाही. ज्या पिकाला खत कमी लागते त्याच्यावर खर्च करायला कोण उत्सुक असणार, असा माझा एक कुजका संशय आहे. धान्यानंतर कडधान्य हा फेरपालट शेतकऱ्याला माहीत नाही असे नाही. त्याला त्याचा भरवसा वाटेल असे उत्पन्न आणि खरेदी हवी. उपदेश त्याला खूप झाले.

वाया जाणाऱ्या अन्नाबद्दल आपल्याकडे सविस्तर येऊन गेले आहे, तेव्हा एकच सांगते: 2022 मध्ये जगाने 1.05 अब्ज टन अन्न टाकून दिले आणि त्यातले 60 टक्के घरांतून. आणि जनावरांवर तुटून पडणाऱ्यांना धान्य गाड्यांच्या टाकीत इंधन म्हणून जाते तेव्हा राग का येत नाही, हे मला आजवर कळलेले नाही. बैल निदान शेण तरी देतो.

आता माझी विनंती. मांस, दूध, अंडी यांविषयी किलोमागचा कोणताही आकडा छापताना त्याच ओळीत जनावराने काय खाल्ले तेही छापावे: धान्य, पेंड की पेंढा. ज्याच्याकडे ही माहिती नसेल त्याचा आकडा छापू नये. आमच्या प्रयोगशाळेत नमुन्याच्या पिशवीवर चिठ्ठी नसेल तर आम्ही तो तपासायलाच घेत नव्हतो. आणि 16 किलोवाल्या पत्रलेखकांना त्यांचा स्रोत सापडला तर तो जरूर पाठवावा. बैल कोणता, कितव्या महिन्याचा आणि आकडा जिवंत वजनाचा की हाडे काढलेल्या मांसाचा, एवढे कळले की बाकीचा हिशेब मी मांडून देईन.

आपली,
एक निवृत्त पशुखाद्य विश्लेषक