पाण्याच्या टेबलापुढे डबे ठेवा

महोदय,
दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमधल्या ‘ड्रीम रन’ला सीएसएमटीहून हजारो हौशी मंडळी निघतात. पाण्याचे पहिले टेबल दिसताच सगळे एकदम थबकतात आणि मागचे त्यांच्यावर आदळतात. पाणी त्याच रांगेतल्या शेवटच्या टेबलावरून, चालता चालता घ्यावे. कचऱ्याचे डबे टेबलाला खेटून ठेवणे तर निव्वळ वाया! चार घोट पिईपर्यंत माणूस शंभर पावले पुढे गेलेला असतो. मग अर्धी भरलेली बाटली रस्त्यावर पडते, पायाखाली गरकन फिरते आणि घोटा मुरगळतो. डबे ५० ते १५० मीटर पुढे, रस्त्याच्या दोन्ही कडांना हवेत. बाटल्याही २०० मिलिलिटरच्याच द्याव्यात. बुटाची नाडी सुटली तर आधी कडेला व्हा, मगच वाका.
– एक वाचक, गिरगाव