कास्तकाराच्या लेकीने परदेशी शिक्षणासाठी तारण कुठून आणायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात सध्या नागपूर-अमरावतीला भरणाऱ्या परदेशी शिक्षण मेळाव्यांच्या जाहिराती सारख्या दिसतात. देशांची नावे, विद्यापीठांची नावे, मुलामुलींचे हसरे फोटो, सगळे त्यात असते. आईबापाजवळ तारण काय आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. ते बँकेत गेल्यावर विचारतात. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, घरची शेती बघते आणि गावातल्या महिला बचत गटाची सचिव आहे. मुलीच्या निमित्ताने यंदा जे कळले, ते माझ्यासारख्या दुसऱ्या घरांना आधीच माहीत असावे आणि ज्यांच्या हातात आहे त्यांनी त्यावर काही करावे, म्हणून हे पत्र.

मुलीने कृषी शाखेची पदवी घेतली आणि पुढचे शिक्षण जर्मनीत घ्यायचे ठरवले. "वावरातलंच शिकाचं, तं जर्मनीले कायले जाते?" असे गावात बऱ्याच जणांनी विचारले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतकी शिकले आणि पुढे मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर काम करून तिथे नावाजले गेले. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकून आले, पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. कास्तकाराच्या घरातून बाहेरदेशी शिकायला जाणे विदर्भाला नवीन नाही.

तिचे कारणही वावरातलेच आहे. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने आमच्या जिल्ह्यातली पऱ्हाटी खाल्ली, तेव्हा ती नववीत होती. सुट्टीच्या दिवशी माझ्यासोबत वेचणीला यायची. बाहेरून हिरवेगार, भरलेले दिसणारे बोंड फोडले की आत रुई पिवळी पडलेली, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या आणि सरकीत अळी. बोंडअळी लागू नये म्हणून पैसे मोजून बीटी बियाणे घेतले तरी असे का झाले, हा प्रश्न तिने तेव्हापासून धरून ठेवला. प्रवेशाच्या अर्जासोबत 'मला हेच का शिकायचे आहे' असे पत्र लिहून द्यावे लागते. शहरातल्या एका सल्लागाराने पैसे घेऊन असे तयार पत्र देऊ केले होते. तिने ते घेतले नाही. तिने त्या बोंडाबद्दल लिहिले, आणि मला वाटते प्रवेश त्या पत्राने मिळवून दिला. गावातल्या मुलामुलींना मी हेच सांगीन की पत्र स्वतः लिहा. तुमच्या डोळ्यांनी जे पाहिले आहे ते सल्लागाराजवळ नाही.

विद्यापीठ निवडतानाही पैसाच आधी पाहावा लागला. होहेनहाइम हे शेतीसाठी नावाजलेले विद्यापीठ, पण ते ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला 1,500 युरो शुल्क आहे. म्हणून ते सोडले. ग्योटिंगेनला तसे शुल्क नाही, सत्राची किरकोळ वर्गणी भरावी लागते. तिथे प्रवेश मिळाला. "शिक्षण फुकट आहे" हे ऐकून घरात सगळ्यांना हायसे वाटले होते.

पण व्हिसासाठी आधी एक बंद खाते उघडावे लागते आणि त्यात एका वर्षाच्या राहण्याजेवणाचे पैसे आगाऊ भरून दाखवावे लागतात. सध्या ही रक्कम 11,904 युरो आहे, म्हणजे बारा-साडेबारा लाख रुपये. हे पैसे कोणी घेत नाही. मुलगी तिथे पोचली की त्याच खात्यातून तिला महिन्याला 992 युरो मिळत राहतात. नियम वाईट नाही. परक्या देशात लेकरू उपाशी राहू नये, यासाठीच तो आहे. पण एवढी रक्कम एकदम आणायची कुठून? शिवाय पदवीची कागदपत्रे तपासून मिळणारे एपीएसचे प्रमाणपत्र 2022 च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना लागते. त्याचे 18,000 रुपये, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फी, पासपोर्ट, मुंबईच्या चकरा, हे सगळे वेगळेच.

बँकेत काय झाले ते सविस्तर सांगते, कारण घोडे तिथेच अडले आहे. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज विनातारण मिळू शकते, त्याला सरकारची पतहमी योजना आहे. त्यावर एक रुपया हवा असला तरी तारण मागतात. आम्ही सातबारा पुढे केला. साहेबांनी तो हातातही घेतला नाही. "वावर चालत नाही ताई, एनए प्लॉट नाहीतर शहरात फ्लॅट असन तं सांगा." याच सातबाऱ्यावर दरवर्षी पीककर्ज मिळते, बोजाही चढतो, मग हे कर्ज का नाही? विचारले तेव्हा कळले की 2002 चा सरफेसी कायदा, ज्याच्या आधारे बँक कोर्टात न जाता तारण जप्त करून विकू शकते, तो कलम 31 प्रमाणे शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून अशा कर्जाला बँका शेत धरत नाहीत. हे कलम बदला, असे मी अजिबात म्हणणार नाही. त्यानेच कास्तकाराची जमीन वाचते.

मग घर दाखवले. गावठाणातले घर, ग्रामपंचायतीचा नमुना 8 आहे, कर भरल्याच्या पावत्या आहेत. बँकेच्या वकिलांनी ते कागद उलटेसुलटे पाहिले आणि ही मालकी नव्हे, कराची नोंद आहे असे सांगितले. केंद्राने 2020 मध्ये स्वामित्व योजना आणली, ती याचसाठी. गावठाण ड्रोनने मोजायचे आणि प्रत्येकाला घराचे मालमत्तापत्रक द्यायचे, म्हणजे घरावर कर्ज मिळेल. आमच्या गावातही मोजणी झाली. लोकांनी आपापल्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारल्या, लेकरे दिवसभर आभाळाकडे पाहत होती. पत्रक आमच्या हातात अजून आलेले नाही.

खाजगी वित्तसंस्था विनातारण कर्ज देतात, पण व्याज जास्त, आणि त्यांना पालकाचा पगार नाहीतर तीन वर्षांचे आयकर विवरणपत्र लागते. शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही, तर विवरणपत्र भरतो कोण? यावर एक सांगून ठेवते. कर लागत नसला तरी मूल अकरावीत गेले की विवरणपत्र भरायला सुरुवात करा. आणि त्याच वेळी सगळ्यांच्या कागदांवरची नावे तपासा. माझ्या टीसीवर माहेरचे नाव आहे, आधारवर सासरचे. यजमान सातबाऱ्यावर एका नावाने आणि आधारवर दुसऱ्या. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करून कसेतरी भागले, पण ऐन घाईत हे फार जिवावर येते.

पैशाची वेळही जुळत नाही. तिथले सत्र ऑक्टोबरात सुरू होते, म्हणजे खात्यात पैसे जून-जुलैत हवेत. तेव्हा आमच्याकडे बियाणे आणि खते घेऊन घर रिकामे झालेले असते. सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर निघते, कापूस त्याहून मागे. ज्या महिन्यात हातात काहीच नसते, नेमक्या त्याच महिन्यात लाखो रुपये दाखवायचे.

अशा वेळी सावकार दारात येतो. आमच्याही दारात आला. "दोन एकराची खरेदी करून द्या, पैसे फेडले की उलटून देतो." बँकेने नाकारलेले वावर त्याला लगेच चालले. महाराष्ट्रात 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे, अशा व्यवहारातली जमीन परत मिळवण्याची तरतूदही त्यात आहे, पण खरेदीखतावर सही केल्यावर ते सिद्ध करत किती वर्षे फिरायचे? आम्ही नाही म्हटले. सगळी घरे नाही म्हणू शकत नाहीत.

राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत आणि त्या फार मोलाच्या आहेत. पण जागा थोड्या. अनुसूचित जातींसाठीच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या अख्ख्या राज्यात वर्षाला 75. त्यातही विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचे लागते. होहेनहाइमसारखे विद्यापीठ सर्वसाधारण क्रमवारीत पहिल्या 200 मध्ये नाही. शेतीचे शिक्षण घेणाऱ्यांसाठी त्या विषयाची क्रमवारी धरावी, ही साधी दुरुस्ती आहे. केंद्राची नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना देशातल्या संस्थांपुरती आहे, बाहेर जाणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

आता माझ्या गटाचे सांगते. आमच्यातल्या कोणाच्याही नावावर प्लॉट नाही, काहींच्या नावावर तर घरही नाही. तरी बँक आम्हाला विनातारण कर्ज देते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बचत गटाला 20 लाखांपर्यंत तारण मागता येत नाही, दहा लाखांवरच्या कर्जाला सरकारी हमी असते. दर महिन्याची बैठक, बचतीची वही, वेळेवर हप्ता, एवढ्यावर हा विश्वास उभा आहे, आणि आमच्या बायांनी तो मोडलेला नाही. मग ज्या मुलीजवळ प्रवेशपत्र आहे, तपासलेली पदवी आहे, जिला जर्मनीत शिकताना वर्षाला 140 पूर्ण दिवस कामाची परवानगी आहे, तिच्यावर साडेसात लाखांच्या पुढे विश्वास ठेवायला प्लॉटच का लागावा? बंद खात्यातली रक्कम तर महिन्याच्या ठरावीक हप्त्यानेच बाहेर येते. तिची उधळपट्टी करायची म्हटले तरी करता येत नाही.

तेव्हा माझे मागणे असे. साडेसात ते पंधरा लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला, ज्यांचे उत्पन्न फक्त शेतीचे आहे अशा घरांसाठी, राज्य सरकारने हमी द्यावी. स्वामित्वची मालमत्तापत्रके गावांत तातडीने वाटावीत आणि बँकांनी ती शैक्षणिक कर्जाला धरावीत. आमच्या मुलीसाठी तिचे मामा दारव्ह्यातला आपला प्लॉट तारण द्यायला तयार झाले आहेत, प्रकरण मंजुरीला गेले आहे. ज्यांना असा मामा नाही त्यांच्यासाठी हे मागते आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली जिल्हास्तरीय बँक सल्लागार समिती दर तिमाहीला बसते. तिच्या येत्या बैठकीत यवतमाळ जिल्ह्यात गेल्या वर्षी साडेसात लाखांवरची किती शैक्षणिक कर्जे शेतकरी घरांना मिळाली आणि किती अर्ज तारणाअभावी परत गेले, हा आकडा मांडावा आणि तो आपल्या दैनिकाने छापावा, ही विनंती.

आपली वाचक,
एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

(बँकेत प्रकरण चालू असल्यामुळे नाव छापू नये.)