दुचाकीचा ब्रेक आधी कोणी लावायचा? परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय परिवहन मंत्री यांस,

सविनय नमस्कार, विनंती विशेष.

पुढच्या वाहनाचे अंतर रडारने मोजून आपणहून वेग कमी-जास्त करणारे अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल आता मोटारींपुरते राहिलेले नाही. २०२० च्या अखेरीस डुकाटीने पुढे आणि मागे रडार असलेली मल्टिस्ट्राडा व्ही४ आणली आणि पाठोपाठ बीएमडब्ल्यू, केटीएम, कावासाकी व यामाहा यांच्या लांब पल्ल्याच्या मोठ्या बाइकवरही ही सोय दिसू लागली. आज ती महागड्या गाड्यांवरच असली, तरी ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारे एबीएसही एकेकाळी तशाच गाड्यांवर होते. उद्या ही सोय खालच्या गाड्यांवर उतरेल आणि तिच्यासाठी नियम करण्याचे काम आपल्या विभागाकडे येईल. त्याआधी, ज्यांच्या हातात हँडल असते त्यांचे म्हणणे आपल्या कानी पडावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी या यंत्रणेचा विरोधक नाही. दिवसभर दुचाकीवर प्रवास करणाऱ्याला उजव्या मनगटाचे दुखणे समजावून सांगावे लागत नाही. चार-चार तास थ्रॉटल, म्हणजे वेगाची मूठ, एकाच कोनात पिळून धरला की बोटे बधिर होतात आणि तीच बोटे ऐन वेळी ब्रेकच्या लिव्हरवर न्यायची असतात. ठरवलेला वेग कायम राखणाऱ्या साध्या क्रूझ कंट्रोलने हात मोकळा होतो, पण रहदारी असली की ते सारखे बंद करा, पुन्हा चालू करा असे होते, आणि त्यापेक्षा मग हातानेच चालवलेले बरे वाटते. अडॅप्टिव्ह प्रणालीने हा ताप खरोखर वाचतो. ‘ज्याला थ्रॉटल सांभाळता येत नाही त्याने मोटारीत बसावे’ असे म्हणणारे जुने जाणते चालक माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्याशी माझे पटत नाही. बटण दाबून गाडी सुरू होऊ लागली तेव्हा किक मारणाऱ्यांनीही नाके मुरडलीच होती.

माझे म्हणणे एवढेच आहे की ही आरामाची सोय आहे, तिला सुरक्षेचे उपकरण मानून सक्ती करू नये, आणि तशी जाहिरातही होऊ देऊ नये. यावर एबीएसचे उदाहरण हमखास दिले जाईल, कारण युरोपीय संघाने २०१६ पासून १२५ सीसीवरील नव्या प्रकारच्या मोटरसायकलींना ते सक्तीचे केले आणि त्याचा उपयोग कोणी नाकारत नाही. परंतु एबीएस काम करते ते चालकाने ब्रेक दाबल्यावर. वेग कमी करण्याचा निर्णय चालकाचा असतो, शरीर त्या निर्णयाबरोबर सावरलेले असते आणि यंत्र फक्त चाक लॉक होऊ देत नाही. अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलमध्ये निर्णयाची सुरुवातच यंत्र करते. मोटारीत या फरकाने फारसे बिघडत नाही, कारण माणूस पट्ट्याने सीटला बांधलेला असतो. दुचाकीवर मात्र माणसाला गाडीशी जोडून ठेवतात ते त्याचे हात, गुडघे आणि तोल. ब्रेक लावण्यापूर्वी आपण नकळत टाकीला गुडघे आवळतो आणि हँडलवरचे हात थोडे ताठ करतो. ही तयारी नसताना लागलेला बेताचा ब्रेकसुद्धा अंगावर येतो.

याचा पहिला धडा मला मागच्या सीटवरच्या माणसाने दिला. परिचयातल्या एकाची रडार असलेली बाइक काही दिवस माझ्याकडे होती. दोघे निघालो असताना शेजारच्या मार्गिकेतली एक मोटार आमच्यासमोर घुसली, यंत्रणेने गाडीचा वेग कमी केला, आणि माझ्या हेल्मेटवर मागून दुसरे हेल्मेट खट्कन आदळले. ती मोटार घुसताना मला दिसली होती, त्यामुळे मी निदान मनाने तयार होतो; मागच्याला माझ्या पाठीपलीकडचे काहीच दिसत नव्हते. मी स्वतः ब्रेक लावतो तेव्हा माझे खांदे किंचित हलतात आणि तेवढ्यावरून मागचा सावध होतो. यंत्राला खांदे नसतात. त्या दिवशी पुढच्या तासाभरात असे चार वेळा झाले आणि शेवटी मागून शांत आवाजात विचारणा झाली, ‘हे बंद होतं का?’

दुसरा प्रसंग वळणावरचा. लांबलचक वळणात बाइक झुकलेली होती, शेजारच्या मार्गिकेत एक ट्रक होता, आणि वळणाच्या वक्रतेमुळे तो रडारला थेट माझ्यासमोर असल्यासारखा दिसला असावा. माझ्या मार्गिकेत पुढे कोणीही नसताना ब्रेक लागला. झुकलेल्या दुचाकीचा पुढचा ब्रेक लागला की ती उभी राहू पाहते आणि वळणाच्या बाहेर सरकते. कारण झुकलेल्या टायरचा रस्त्याला टेकणारा भाग मध्यापासून बाजूला गेलेला असतो आणि ब्रेकचा जोर हँडल फिरवू लागतो. माझी बाइक जेमतेम वीतभर सरकली असेल. मी हँडलवर दाब देऊन तिला परत आत आणले आणि पुढे कित्येक मैल मी ती सोय वापरली नाही. बाइक किती झुकली आहे हे मोजणारे सेन्सर या गाड्यांवर असतात आणि वळणात प्रणालीला सौम्य वागायला शिकवलेलेही असते, हे मला ठाऊक आहे. पण सौम्य म्हणजे किती, हे आज प्रत्येक उत्पादक आपल्या पद्धतीने ठरवतो.

रडारला आणखी एक गोष्ट जमत नाही, ती म्हणजे उभ्या वाहनाची खात्री करून घेणे. रस्त्यावरचे फलक, पुलांचे कठडे, गटारांची लोखंडी झाकणे या सगळ्यांवरून रडारच्या लहरी परत येतात. त्या प्रत्येकासाठी ब्रेक लागू नये म्हणून स्थिर वस्तूंकडे मोठ्या प्रमाणात दुर्लक्ष केले जाते. परिणामी, चालत्या वाहनामागे ही यंत्रणा छान चालते आणि कोंडीत आधीपासून थांबलेल्या शेवटच्या गाडीसाठी कदाचित काहीच करत नाही. आरामाची सोय मानली तर ही मर्यादा समजण्यासारखी आहे. सुरक्षेचे उपकरण म्हटले तर चालक नेमका तिथेच विसंबून राहील. शिवाय रडारला अंतर कळते, रस्ता कळत नाही. पुढे सांडलेले डिझेल, वाळू किंवा रंगवलेले ओले पट्टे त्याच्या हिशेबात येत नाहीत.

गटाने फिरणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. आम्ही एकाच मार्गिकेत आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे चालतो. तिरप्या रेषेतल्या पुढच्या बाइकपासून एक सेकंद आणि सरळ पुढच्या बाइकपासून दोन सेकंद, म्हणजे ताशी ९० किलोमीटरला अनुक्रमे २५ आणि ५० मीटर अंतर राहते. यंत्रणेने तिरप्या बाइकला ‘पुढचे वाहन’ धरले की रांगेतली मांडणी मोडते आणि धरले नाही तर ती तिला दिसतच नाही. गटासाठी वेगळी सोयही येऊ लागली आहे, त्यामुळे या मुद्द्यावर मी अधिक लिहीत नाही.

आता आकड्यांविषयी. रडारवर आधारित सहायक प्रणालींमुळे सातपैकी एक मोटरसायकल अपघात टळू शकेल, असा बॉशचा अंदाज आहे, आणि तो आपल्यासमोर ठेवला जाईल. हा अंदाज यंत्रणा बनवणाऱ्याच कंपनीच्या संशोधनाचा आहे, आणि त्यात अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलबरोबर टक्करीचा इशारा आणि आंधळ्या कोनातील, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या, वाहनाचा इशारा हेही धरलेले आहेत. इशारा देणारी यंत्रणा आणि ब्रेक लावणारी यंत्रणा यांचे श्रेय एकाच आकड्यात बांधून नियम करू नये. इशाऱ्यांचे बहुतेक चालक स्वागतच करतील; मीही करतो.

त्याहून मोठी गोष्ट मोटारींवरच्या रडारची आहे, आणि इथे मात्र सक्तीची मागणी मीच करतो. नेदरलँड्सच्या वाहन प्राधिकरणाने २०१६ मध्ये घेतलेल्या चाचण्यांत असे दिसले की मोटरसायकल मार्गिकेच्या कडेने चालत असेल तर मोटारीचे अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल तिला प्रत्येक वेळी ओळखत नाही. कडेने चालणे हा आमचा बेशिस्तपणा नव्हे. पुढच्या मोटारीच्या आरशात दिसावे आणि निसटायला जागा राहावी म्हणून आम्हाला तसेच शिकवले जाते. मोटारींच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२३ पासून मोटारींच्या आपोआप ब्रेक लागण्याच्या चाचणीत दुचाकीस्वाराचा समावेश केला, पण ती चाचणी गुणांकनासाठी आहे, विक्रीच्या परवानगीची अट नाही. माझ्या बाइकने मोटार ओळखावी यासाठी नियम करण्याआधी मोटारीने माझी बाइक ओळखावी, मार्गिकेच्या कडेला आणि अंधारातसुद्धा, ही अट परवानगीशीच जोडावी.

दुचाकीवरील प्रणालीबाबत माझ्या अपेक्षा फार नाहीत. ती विकत घ्यायची की नाही हे ग्राहकावर सोडावे, आणि घेतलेल्या बाइकवर साधे क्रूझ कंट्रोल निवडण्याची मुभा असावी. एकदा बंद केलेली प्रणाली किल्ली फिरवताच पुन्हा जागी होऊ नये. तिने वेग घटवला की मागचा ब्रेकदिवा लागलाच पाहिजे, नाहीतर मागच्या वाहनाला काही कळायच्या आत आम्ही त्याच्या बोनेटवर असू. सरळ रस्त्यावर आणि झुकलेल्या अवस्थेत ती जास्तीत जास्त किती जोराने ब्रेक लावू शकते याची मर्यादा नियमात आकड्याने लिहावी, आणि उभ्या वाहनाबाबतची मर्यादा माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानांत न दडवता विक्रीच्या वेळी ग्राहकाच्या हाती द्यावी. अपघाताच्या क्षणी ब्रेक चालकाने लावला होता की प्रणालीने, ही नोंद गाडीत राहावी आणि ती चालकालाही मिळावी, कारण आज जबाबदारी पूर्णपणे चालकावर आहे आणि माहिती पूर्णपणे उत्पादकाकडे.

हे नियम ठरवताना नेहमी दुचाकी चालवणारी माणसे समितीत घ्यावीत आणि चाचणी एकट्या, सरावलेल्या चालकावर भागवू नये. मागच्या सीटवर एक माणूस बसवावा आणि ब्रेक कधी लागणार हे त्याला आधी सांगू नये. समितीला हवे असल्यास त्या सीटवर बसायला मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक दुचाकीस्वार