गोळ्या पाठवणार नाही

सोलापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

मनाच्या आजारावरच्या सहा महिन्यांच्या गोळ्या जर्मनीला कुरिअर करा, हा तुझा निरोप आईने सांगितला. करणार नाही. बाप नव्या पेठेत मेडिकल चालवतो आणि पोरीला चार पाकिटं पाठवत नाही, याचा तुला राग येईल. येऊ दे. पण पत्र शेवटपर्यंत वाच.

जर्मनीत युरोपियन युनियनच्या बाहेरून खासगी माणसाच्या नावावर टपालाने औषधं मागवता येत नाहीत. पार्सल कस्टमला अडकणार, आणि तू 'आज येईल, उद्या येईल' करत शेवटच्या स्ट्रिपपर्यंत वाट बघत बसणार. स्वतःबरोबर बॅगेतून नेलेल्याची गोष्ट वेगळी. स्वतःपुरत्या, साधारण तीन महिन्यांच्या गोळ्या नेता येतात. तशा तू नेल्यास आणि त्या आता संपत आल्या, एवढंच झालंय.

आईला तू आणखी एक गोष्ट बोललीस, ती मला जास्त लागली. गोळ्या पुरवायच्या म्हणून एक दिवसाआड घेतेस म्हणे. आणि चालता चालता डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, चिडचिड होते, भलतीच स्वप्नं पडतात. आईला वाटलं आजार वाढला. "तिकडं एकटी काय करायलीय की पोरगी," म्हणून ती रात्रभर जागी. मला मात्र वेगळी शंका आहे. तुझ्या गोळीतलं औषध, एसिटॅलोप्रॅम, रक्तात निम्मं व्हायला साधारण ३० तास लागतात. रोज घेतलं तर पातळी स्थिर राहते. एक दिवस सोडलास की ती खाली जाते, दुसऱ्या दिवशी गोळी घेतलीस की परत वर. अंगाला एका पातळीची सवय झालेली असते, ती अशी खालीवर झाली की चक्कर, मळमळ, करंट हे सगळं सुरू होतं. याला व्यसन म्हणत नाहीत. व्यसनात माणसाला ती वस्तू हवीहवीशी वाटते, डोस वाढवत न्यावासा वाटतो; तुझं तसं काही नाही. म्हणून आजपासून रोज एक, १० मिलिग्रॅम, डॉक्टरांनी लिहिली तशी. एखादी चुकली तर आठवेल तेव्हा घे. दुसरीची वेळच आली असेल तर चुकलेली सोडून दे, दोन एकदम घेऊ नको. मी परवाच आपल्या डॉक्टरांना फोन करून हे विचारून घेतलं, तेही हेच म्हणाले. ही लक्षणं तरीही थांबली नाहीत तर तिथल्या डॉक्टरला सांग, अंगावर काढू नको.

त्याच फोनमध्ये त्यांच्याकडून एक इंग्रजी पत्र मागून घेतलंय. आजाराचं नाव, औषधाचं मूळ नाव, डोस, कधीपासून चालू आहे, सुरुवातीला काय दिलं आणि कधी बंद केलं, सगळं आहे त्यात. ते घेऊन तुझ्या गावातल्या साध्या फॅमिली डॉक्टरकडे जा. हाउसआर्त्स्ट म्हणतात ना तुमच्याकडे, तेच. चालू असलेली ही गोळी ते लिहून देऊ शकतात, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाची महिनोन्महिने वाट बघायची गरज नाही. तज्ज्ञाची वेळ मात्र आत्ताच मागून ठेव. ११६११७ या नंबरवर अपॉइंटमेंट मिळवून देण्याची सोय आहे. आपल्या डॉक्टरांशी तू व्हिडिओवर बोल, जरूर बोल. पण त्यांच्या चिठ्ठीवर तिथल्या दुकानात गोळी मिळायची नाही.

दुकानात गेलीस की आपला ब्रँड सांगू नको. आपल्याकडे एकच औषध शेकडो नावांनी विकलं जातं आणि गिऱ्हाईक त्या नावालाच औषध समजतं. कंपनी बदलून दिली की माझ्याशी भांडतात, "आमच्या गोळीची चव वेगळी होती." तिथे मूळ नाव सांगायचं. सरकारी विमा असेल तर विमा कंपनीचा ज्या औषध कंपनीशी करार असतो तिचं पाकीट मिळतं, त्यामुळे आज निळं खोकं तर पुढच्या वेळी पांढरं. घाबरू नको. खोक्यावर एसिटॅलोप्रॅम आणि १० हा आकडा बघ, बाकी रंगाकडे लक्ष देऊ नको. १००च्या मोठ्या पाकिटाला तुला बहुधा पाच युरो भरावे लागतील, म्हणजे आपले पाचशेच्या आसपास. आता सांग, कुरिअरचा खर्च किती झाला असता. २०२४ पासून चिठ्ठी कॉम्प्युटरवरच असते, दुकानात विम्याचं कार्ड लावलं की त्यांना दिसते, ती २८ दिवसांच्या आत वापरायची. आणि रविवारी दुकानं बंद असतात, हे तुला मी काय सांगू.

मला खरं वाटतं ते वेगळंच. तुला गोळीची अडचण नाही, डॉक्टरसमोर बसून 'मी ही गोळी घेते' म्हणायची अडचण आहे. घरून पार्सल आलं की कुणाला सांगावं लागत नाही.

हे मी काउंटरवर आयुष्यभर बघतोय. अक्कलकोटचा माणूस ही गोळी घ्यायला सोलापूरला येतो, सोलापूरचा पुण्याहून मागवतो. आपल्या गल्लीतली ओळखीची बाई बीपीची चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवते, आणि ही चिठ्ठी असली की दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत बाहेर उभी राहते. मी ती स्ट्रिप न बोलता कागदात गुंडाळून देतो. पण अशा लपवालपवीत एक होतं, माणूस डॉक्टरकडे जायचं सोडून देतो. घड्यांवर फाटलेली जुनी चिठ्ठी घेऊन यायचं, गोळी न्यायची. डोस बरोबर आहे का, गरज अजून आहे का, कुणी बघितलेलंच नसतं. कुणी बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करतो आणि दोन महिन्यांनी घरचे त्याला धरून आणतात. तू त्या रांगेत उभी राहायची नाहीस. तिथला डॉक्टर तुला चार प्रश्न विचारेल, झोप विचारेल, वजन बघेल. ते व्हायला हवं. पार्सल हे काम करत नाही.

ऑफिसला कळेल ही तुझी भीती मी समजतो. पण तिथे आजारपणाची रजा घेतलीस तर कंपनीला फक्त तू कामावर येऊ शकत नाहीस आणि कधीपर्यंत, एवढंच कळतं. आजाराचं नाव जात नाही. डॉक्टर बाहेर बोलू शकत नाही. इथे काकूंना आईने 'व्हिटॅमिन कमी झालंय' सांगितलंय, तेवढं तू सांभाळून घे.

दोन गोष्टी दुकानदार म्हणून. तुमच्याकडे योहानिसक्राउट नावाची वनस्पती मन प्रसन्न राहावं म्हणून गोळ्या-चहाच्या रूपात सहज मिळते. कुणी मैत्रीण देईल, नैसर्गिक आहे म्हणेल. तुझ्या गोळीबरोबर ती अजिबात घ्यायची नाही, दोन्ही मिळून शरीरातलं सेरोटोनिन हे रसायन धोक्याइतकं वाढू शकतं. खोकल्याच्या काही औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, तेही विचारल्याशिवाय नको, आणि दुखण्यावर नेहमी आयबुप्रोफेन घेत जाऊ नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुसरी गोष्ट, सुरुवातीला डॉक्टरांनी थोडे आठवडे 'प्लस'वाली गोळी दिली होती, तिच्यात क्लोनाझेपाम हे सवय लागू शकणारं, शांत करणारं औषध असतं. तुझ्या कपाटात तिची अर्धी स्ट्रिप सापडली, ती मी काढून टाकली. तशी गोळी कागदपत्रांशिवाय बॅगेत घेऊन सीमा ओलांडायची नसते, बहुतेक देशांत तिला वेगळे कडक नियम आहेत. परत जाताना वाटेत दुबईला उतरायचा बेत असेल तर हे विशेष ध्यानात ठेव, तिथे अशा औषधांना आधी परवानगी लागते.

गोळी कधी सुटणार, हे तू मला तीनदा विचारलंस. पूर्ण बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने तरी चालू ठेवतात, आणि मग आठवड्या-आठवड्याने डोस उतरवत आणतात. तारीख मी देणार नाही, डॉक्टर देतील. डिसेंबरात तिथे साडेचारलाच सूर्य मावळतो म्हणतेस, तर हिवाळ्याच्या तोंडावर तरी हा विषय काढू नको.

रात्री फारच कसंतरी झालं, जिवाचं काही बरंवाईट मनात आलं, तर ११२ लाव. नुसतं बोलायचं असेल तर ०८०० १११ ० १११ हा फुकटचा नंबर आहे, तो मोबाइलमध्ये साठव. आणि आम्ही आहोत. तुझे रात्रीचे दोन म्हणजे उन्हाळ्यात आमचे पहाटेचे साडेपाच, आई उठलेलीच असते. नळाला पाणी यायचा दिवस असला तर मीसुद्धा.

सिद्धेश्वरांच्या यात्रेला, गड्ड्याला यायचं म्हणत होतीस. तिकीट काढलंस की तारीख कळव, त्या आठवड्यात डॉक्टरांकडे गर्दी असते, तुझी वेळ आधीच घेऊन ठेवतो. आणि हाउसआर्त्स्टकडे जाऊन आलीस की फोन मला कर, आईला नको. ती अर्धंच सांगते.

तुझे,
बाबा