शिकाऱ्यांच्या क्लबची शाखा कशावर टिकते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील शिकारी क्लब स्वतःला संवर्धन संस्था कसे म्हणवून घेतात, असा प्रश्न आपल्या काही वाचकांनी पत्रांतून उपस्थित केला आहे, आणि तो रास्तच आहे. भारतात 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील 1991ची दुरुस्ती यांनी शिकारीला बंदी घातली. ती उठावी असे मला मुळीच वाटत नाही. मात्र मिनेसोटा राज्यातील अशा एका क्लबच्या काउंटी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) शाखेचे हिशेब मी गेली काही वर्षे सांभाळतो आहे. मी स्वतः शिकारी नाही. तरीही अशी शाखा कशी उभी राहते आणि बऱ्याचदा का कोलमडते, हे जवळून पाहिल्यामुळे त्याविषयी लिहिण्याचे धाडस करतो.

अमेरिकेत शिकारी आणि संवर्धन यांची सांगड जुनी आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी 1887 मध्ये स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब हा शिकाऱ्यांचाच होता. 1934 पासून पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला परवान्याबरोबर ‘डक स्टॅम्प’ नावाचे सरकारी तिकीटही घ्यावे लागते. सुरुवातीला त्याची किंमत एक डॉलर होती, आता पंचवीस डॉलर आहे, आणि त्यातील जवळजवळ सर्व पैसा पाणथळ जागा राखण्यावर खर्च होतो. 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली, शॉटगन आणि काडतुसांवरील 11 टक्के अबकारी कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. थोडक्यात, पैशाची व्यवस्था वरच्या पातळीवर झालेली आहे. मग गावोगावच्या शाखा हव्यात कशाला?

याचे उत्तर मला हिशेबाच्या वहीतच सापडले. पिटमन-रॉबर्टसन निधीतून एखाद्या कामाचा साधारण तीन चतुर्थांश खर्च मिळू शकतो, उरलेला एक चतुर्थांश राज्याने उभा करायचा असतो, आणि तो भाग क्लबच्या देणगीतूनही भरता येतो. 1989च्या पाणथळ संवर्धन कायद्याखाली मिळणाऱ्या अनुदानालाही किमान तितकीच बिगरकेंद्रीय रक्कम दाखवावी लागते. त्यामुळे शाखेने जमवलेला एक डॉलर योग्य कामाला जोडला तर दोनाचे, कधी चाराचे काम होते. हा हिशेब ज्या शाखेच्या खजिनदाराला कळला, तिच्याकडे देणगी मागायला सबळ कारण असते. ज्याला कळला नाही, तो दरवर्षी त्याच दहा दुकानदारांपुढे हात पसरत राहतो.

शाखेचा मुख्य निधी वार्षिक मेजवानीतून येतो. तिकिटे, लिलाव आणि सोडत असा तिचा ठरलेला साचा आहे. सोडतीसाठी मिनेसोटात राज्याच्या जुगार नियंत्रण मंडळाची परवानगी काढावी लागते, आणि बक्षीस बंदुकीचे असले तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत विजेत्याची पार्श्वभूमी तपासूनच ती त्याच्या हाती द्यायची, हा शिस्तीचा भाग आहे. या एका संध्याकाळीच शाखेची बहुतेक शक्ती खर्च होते, आणि धोका नेमका तेथेच असतो. मेजवानी उत्तम झाली, पैसेही जमले, पण वर्षभर त्या पैशाचे काय झाले हे कोणी सांगितले नाही, तर पुढच्या वर्षी खुर्च्या रिकाम्या राहू लागतात.

फेजंट्स फॉरएव्हर या संस्थेने यावर शोधलेला उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ही संस्था 1982 मध्ये मिनेसोटातच जन्मली. फेजंट पक्षी कमी होत चालल्याबद्दल सेंट पॉलच्या एका दैनिकात आलेला स्तंभलेख तिला कारणीभूत ठरला. (वृत्तपत्राने एखाद्या प्रश्नाचा पाठपुरावा केल्यास काय घडू शकते, याची ही नोंद आपल्यालाही सुखावेल.) शाखेने स्थानिक पातळीवर जमवलेल्या निधीचा विनियोग शाखेनेच ठरवायचा, हे तिचे पहिल्यापासूनचे धोरण आहे. पैसा गावाबाहेर जाऊन अदृश्य होत नाही, आपल्या काउंटीतल्या कोणत्या शेतात तो गेला हे सभासद गाडी काढून पाहून येऊ शकतो, आणि पुढच्या वर्षीची देणगी बहुधा त्या फेरीतच ठरते.

शेतात काय चालते, तेही सांगतो. फेजंट हा मुळात चीनमधून 1880च्या दशकात ओरेगॉनमध्ये आणून सोडलेला परका पक्षी. पण त्याच्यासाठी राखलेल्या गवतात रानातली फुले, मधमाश्या आणि मेडोलार्कसारखे तिथलेच मूळचे पक्षीही नांदतात. 1985च्या शेती कायद्याने सुरू झालेल्या योजनेत शेतकरी दहा ते पंधरा वर्षांच्या कराराने जमीन पिकाखालून काढून गवताखाली ठेवतो आणि त्याला त्याचे भाडे मिळते. तेथे पेरायच्या बिग ब्लूस्टेमसारख्या गवताचे बी केसाळ आणि हलके असते. साध्या पेरणीयंत्रात ते गुंता होऊन अडकते. म्हणून शाखा खास पेटीचे यंत्र विकत घेते आणि शेतकऱ्यांना अल्प भाड्याने देते. बी पाव इंचापेक्षा फारसे खोल गेले तर उगवत नाही, हे यंत्र देतानाच सांगावे लागते. आमच्याकडे हे यंत्र कोणाच्या गोठ्यात उभे आहे, याची नोंद ठेवण्याचे काम एका निवृत्त शिक्षिकेकडे आहे, आणि माझ्या मते अध्यक्षांपेक्षा त्यांच्यावाचून शाखेचे अधिक अडेल.

या गवताला धीर लागतो. पहिल्या वर्षी शेतात तणच दिसते, कारण रोप आपली ताकद मुळांत घालत असते. तण उंच होऊ लागले की ते वरच्यावर कापावे लागते. रान दाट दिसायला तिसरा हंगाम उजाडतो. पुढे काही वर्षांच्या अंतराने वसंतात परवाना घेऊन, वारा पाहून, कडेने पट्टा कापून ते जाळावेही लागते. नव्या शाखा नेमक्या पहिल्याच उन्हाळ्यात देणगीदारांना शेत दाखवायला नेतात आणि तोंडघशी पडतात. त्यांनी आधी तीन-चार वर्षांपूर्वी पेरलेले रान दाखवावे आणि मग नवे.

नव्या सभासदांबाबतही असेच. शिकाऱ्यांचे वय वाढते आहे, तरुण कमी येत आहेत, ही तक्रार प्रत्येक बैठकीत होते. त्यावर मुलांसाठी एक दिवसाचे शिबिर घेऊन छायाचित्रे काढणे हा सोपा मार्ग झाला. शिबिरानंतर त्या मुलाला वा मुलीला हंगामभर बरोबर नेणारे कोणी नसेल, तर त्याचा उपयोग नाही. सुरक्षा प्रशिक्षण देऊन थांबण्याऐवजी प्रत्येक नवशिक्यामागे एक अनुभवी माणूस जोडून देणाऱ्या शाखांत ही मुले पुढे पेरणीला आणि जाळणीलाही येतात. न शिकार करणाऱ्यांनाही दार उघडे हवे. माझ्यासारखे हिशेबनीस त्याच दाराने आत येतात.

सर्वांत अवघड प्रश्न नेतृत्वाचा. शाखा बहुधा एका झपाटलेल्या माणसाभोवती उभी राहते, आणि तोच माणूस वर्षानुवर्षे अध्यक्ष राहिला की भोवतीचे लोक प्रेक्षक होतात. म्हणून मेजवानी, अधिवास आणि युवा उपक्रम यांचे प्रमुख वेगवेगळे असावेत, अध्यक्षपदाला मुदत असावी, आणि पुढचा अध्यक्ष आधी वर्षभर उपाध्यक्ष म्हणून राबलेला असावा. हे नियम स्थापनेच्या वेळीच शाखेच्या घटनेत लिहून घ्यावेत, कारण एकदा माणूस खुर्चीत बसल्यावर त्याच्यासमोर हा विषय काढण्याची हिंमत मित्रांना होत नाही.

आपला नम्र,
एक वाचक, मिनेसोटा (अमेरिका)