थेंबात स्टेरॉईड आहे हे आईला कुणी सांगितलंच नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मी निपाणीजवळच्या एका खेड्यातला. आई बरीच वर्षं तंबाखूच्या वखारीत कामाला होती, त्या धुळीनं डोळ्याला खाज आणि लाली कायमचीच. एकदा मेडिकलमधनं थेंब आणले, दोन दिवसात डोळे पांढरे झाले, मग काय, बाटली संपली की रिकामी बाटली पदराच्या गाठीत बांधून न्यायची, दुकानात दाखवायची, तसलीच दुसरी मिळायची, चिठ्ठी कुणी विचारली नाही. दीड वर्ष हेच. "थेंब घातले की कसं गार वाटतंय बघ" म्हणायची.

यंदा दाराच्या चौकटीला सारखा खांदा आपटायला लागला म्हणून बेळगावला दाखवलं. डोळ्याचं प्रेशर साधारण १० ते २१ असतं, आईच्या उजव्या डोळ्यात ३६ निघालं. डॉक्टरांनी बाटलीवरचं बारीक अक्षर बोटानं दाखवलं, डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉईड, सूज-लाली दाबणारं औषध. हे महिनोन्महिने घातलं तर काही जणांच्या डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट तुंबते, प्रेशर चढतं, दुखत नाही खुपत नाही आणि आतली नस मरत जाते. हाच काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, आता उरलेली टिकवायला रोज वेगळे थेंब.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर असले स्टेरॉईडचे थेंब बहुतेक वेळा लागतात, पण ते डॉक्टर ठराविक दिवस देतात, कमी करत बंद करतात. नुसत्या ॲलर्जीच्या खाजेला ओलोपाटाडीनसारखे बिनस्टेरॉईडचे थेंब मिळतात की!

आणि त्याच घरात बाबांचा दम्याचा पंप कपाटात पडून, का तर "स्टेरॉईड हाय, सवय लागत्या" असं पाहुणे सांगून गेले. बुडेसोनाईडचा तो पंप मायक्रोग्रामच्या हिशेबात थेट फुफ्फुसात जातो, ओढून झाल्यावर चूळ भरायची बस्स, आणि तो बरं वाटलं तरी रोज घ्यायचा असतो. बाबा मात्र दम लागला की निळा पंप ओढतात, त्यानं तेवढ्यापुरतं मोकळं होतं पण आतली सूज तशीच.

डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचं औषध म्हणून खोक्यावर लाल पट्टी असते पण सगळं इंग्रजीत, आईला मराठी तेवढं वाचता येतं. मेडिकलवाल्यांनी चिठ्ठीशिवाय असले थेंब देऊ नयेत आणि काउंटरवर मराठी-कन्नडमध्ये तसा बोर्ड लावावा. वाचकांनी आजच घरातली बाटली उजेडात धरून बघावी, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यातलं काही लिहिलेलं असलं आणि थेंब बरेच दिवस चालू असले तर एकदा प्रेशर तपासून घ्या.

एक वाचक, निपाणी तालुका